गुरुवारची साडेपाचची वेळ

गेली नऊ वर्षे दर गुरुवारी संध्याकाळी साडेपाच वाजता मी कमाटीबागेतल्या एका ठरलेल्या बाकावर जाऊन बसतो. कागदोपत्री तिचे नाव सयाजीबाग आहे, पण दांडिया बाजारात लहानाचा मोठा झालेल्या माझ्यासारख्या बडोदेकराच्या तोंडी कमाटीबागच येते. शेजारी पंधरा ते अठरा वर्षांचा एखादा मुलगा असतो. कधी तो तासभर बोलत राहतो, कधी चपलेच्या टोकाने मातीत रेघा ओढत बसतो आणि साडेसहाला 'येतो काका' म्हणून निघून जातो. आतापर्यंत अशी सहा मुले माझ्या शेजारी बसली. त्यांतल्या चौघांचे पिणे सुटले आणि आजपर्यंत सुटलेले आहे, एकाचे अजून चालू-बंद होत आहे, आणि एकाला मी अर्ध्यावर सोडले. त्या एकाविषयी पुढे लिहीन, कारण ते लिहिल्याशिवाय बाकीचे लिहिण्याचा मला अधिकार नाही.

आज लिहायला बसलो ते परवा आलेल्या एका आईच्या फोनमुळे. तिचा मुलगा अकरावीत आहे, त्याच्या दप्तरात तिला बाटली सापडली होती, आणि कुणीतरी माझा नंबर दिला होता. तिने विचारले, "तुम्ही मुलांना नेमकं काय सांगता, की ते ऐकतात?" मी फारसे काही सांगत नाही, असे मी म्हणालो तेव्हा तिला ते टाळाटाळ केल्यासारखे वाटले असावे. फोनवर जे नीट सांगता आले नाही ते इथे सविस्तर लिहितो आहे.

या कामात मी ठरवून आलो नाही. २०१६ साली, निवृत्त होऊन चारच महिने झाले असताना, गणपती विसर्जनाच्या रात्री आमच्या इमारतीच्या जिन्यात दुसऱ्या मजल्यावरचा मुलगा पडलेला सापडला. सोळा वर्षांचा, विज्ञान शाखेचा, गणितात हुशार. त्याच्या वडिलांना मी त्यांच्या शाळेच्या दिवसांपासून ओळखतो. आम्ही दोघांनी त्याला उचलून घरात नेले आणि त्याच्या आईने सगळ्यांत आधी जी गोष्ट केली ती म्हणजे रस्त्याकडची खिडकी लावून घेतली. मुलाला पाणी नंतर मिळाले, खिडकी आधी लागली. मी तिला दोष देत नाही. तिच्या जागी मी असतो तर मीही कदाचित तेच केले असते. पण १०८ ला फोन करावा हे त्या रात्री आम्हां तिघांपैकी एकालाही सुचले नाही, किंवा खरे सांगायचे तर सुचूनही कुणी ते तोंडाबाहेर काढले नाही. आम्ही त्याला उताणा झोपवला, तोंडावर गार पाणी मारले आणि लिंबूसरबत पाजायचा प्रयत्न केला. तिन्ही गोष्टी चुकीच्या होत्या. बेशुद्धीच्या सीमेवर असलेल्या माणसाला कुशीवर झोपवायचे असते, म्हणजे उलटी झाली तरी ती श्वासनलिकेत जात नाही. तोंडातून काही द्यायचे नसते, एकटे सोडायचे नसते, आणि हाका मारूनही तो उठत नसेल, श्वास संथ किंवा तुटक झाला असेल किंवा अंग गार पडले असेल तर सकाळची वाट बघायची नसते. तो मुलगा वाचला याचे श्रेय आम्हांला नाही.

गुजरातबाहेरच्या मराठी वाचकांना ही खिडकी समजावून सांगावी लागेल. बडोदे संस्थान १९४९ मध्ये मुंबई राज्यात विलीन झाले, आणि त्याच वर्षीचा मुंबई दारूबंदी कायदा १९६० मध्ये गुजरात राज्य वेगळे झाल्यावरही इथे चालू राहिला. आज त्याच्या नावात मुंबईऐवजी गुजरात आहे, पण बंदी तीच आहे. इथे विकणे हा गुन्हा आहे, तसा विनापरवाना पिणे हाही गुन्हा आहे. नशाबंदी असावी की नसावी या वादात मी पडणार नाही. शाळेच्या फाटकासमोर दारूचे दुकान नाही हे मला मोलाचे वाटते. पण मुलगा पितो हे कळलेल्या आईच्या मनात दुखण्याच्या आधी गुन्हा येतो. डॉक्टरकडे नेले तर पोलिसांना कळेल, शाळेला कळेल, बहिणीच्या लग्नात अडचण येईल, म्हणून झाकली मूठ सव्वा लाखाची ठेवायची. मुलगा घरापासून लपवतो आणि घर गावापासून लपवते. या दुहेरी लपवाछपवीत जी दोन-तीन वर्षे जातात, तीच नेमकी उपयोगाची असतात.

मिळत नाही असे मात्र नाही. 'छांटोपाणी' हा दारू पिण्यासाठीचा गुजराती शब्द इथल्या आठवीतल्या मुलालाही माहीत असतो. देशीची पोटली मिळते, बाहेरच्या राज्यातून आलेली बाटली फोनवर मागवता येते, आणि बारावी झाली की दमणची सहल निघते. माझ्याकडे आलेल्या सहांपैकी दोघांची सुरुवात पिण्याने झालीच नव्हती. ओळखीच्या बुटलेगरसाठी, म्हणजे चोरून दारू विकणाऱ्यासाठी, दुचाकीवरून खेप पोहोचवायला ते जात होते, कारण लहान मुलाला पोलीस अडवत नाहीत असे त्यांना सांगण्यात आले होते. आधी पैसे मिळाले, मग पैशांऐवजी माल मिळू लागला. अशा मुलांचे आईवडील सर्वांत घाबरलेले असतात, आणि त्यांना मी एक गोष्ट आवर्जून सांगतो. २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या ७७ व्या कलमानुसार, डॉक्टरच्या आदेशाखेरीज मुलाला दारू देणाऱ्या माणसाला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. मुलाकडून दारूची विक्री किंवा वाहतूक करून घेणाऱ्यासाठी ७८ व्या कलमात तितकीच शिक्षा आहे. म्हणजे या व्यवहारात कायद्याने मुख्य गुन्हेगार म्हणून बोट ठेवले आहे ते मुलाला वापरणाऱ्या मोठ्या माणसावर. हे कळल्यावर निदान दोन घरांत मुलाला मारणे थांबले.

माझे आयुष्य रसायनांच्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत गेले, त्यामुळे एका विषयावर मात्र मी मुलांशी पहिल्याच भेटीत, न विचारता बोलतो. तो विषय मिथेनॉलचा. इथेनॉल म्हणजे पिण्याच्या दारूतले अल्कोहोल, आणि मिथेनॉल हे त्याचे औद्योगिक भावंड. दोन्ही रंगहीन, वासाला आणि चवीला इतकी जवळची की नाकाने किंवा जिभेने त्यांतला फरक भरवशाने ओळखता येत नाही. आम्हांलाही तो उपकरणांनीच ओळखावा लागे. शरीरात गेल्यावर यकृत मिथेनॉलचे रूपांतर आधी फॉर्माल्डिहाइडमध्ये आणि मग फॉर्मिक आम्लात करते, आणि ते आम्ल डोळ्यांच्या नसांवर हल्ला करते. घात असा की त्रास लगेच होत नाही. बारा-चोवीस तास माणूस बरा असतो, मग पोटात दुखते, उलट्या होतात, डोळ्यांपुढे धुके किंवा बर्फ पडल्यासारखे दिसू लागते. जुलै २०२२ मध्ये बोटादकडच्या गावांत चाळीसहून अधिक माणसे अशाच दारूने गेली. रुग्णालयात यावर उपाय आहे, पण तो वेळेवर पोहोचलेल्यासाठी आहे. म्हणून मी प्रत्येक मुलाकडून एकच वचन घेतो, आणि ते न पिण्याचे नसते. तू किंवा तुझा कुणी मित्र प्यायल्यावर दिसायला अंधूक होत असेल तर त्याच क्षणी रुग्णालय गाठायचे, काय प्यायलो ते डॉक्टरांना खरे सांगायचे, आणि घरी सांगायची हिंमत नसेल तर मला रात्री तीन वाजता फोन करायचा. असा फोन आजवर एकदा आला. मित्राने साधीच दारू घेतली होती, पण आम्ही रुग्णालयात गेलो, आणि त्या मुलाशी माझे खरे नाते त्या रात्रीपासून सुरू झाले.

जिन्यातल्या मुलाला घेऊन आम्ही शेवटी एका मानसोपचारतज्ज्ञ बाईंकडे गेलो. त्यांनी मुलाला तपासले आणि जाताना मला थांबवून घेतले. "औषधाचं आणि निदानाचं मी बघते," त्या म्हणाल्या, "पण हा मुलगा आठवड्यातले सहा दिवस तेवीस तास माझ्यासमोर नसेल. त्याच्या घरातला नसलेला एखादा मोठा माणूस त्याला हवा आहे. तुम्हांला वेळ आहे का?" मला वेळच वेळ होता. पुढचे दोन महिने त्यांनी मला आणि आणखी तिघांना शनिवारी दुपारी बसवून जे शिकवले, त्यावरच आम्ही आजवर चाललो आहोत.

त्यांनी सर्वांत आधी आमच्या मर्यादा शिकवल्या. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम सोडली तर सहा-आठ तासांपासून पुढच्या दोन-तीन दिवसांपर्यंत हात थरथरणे, घाम, झटके, भ्रम असे काहीही होऊ शकते आणि ते जिवावर बेतू शकते. त्यामुळे 'आजपासून बंद' अशी शपथ डॉक्टरला विचारल्याशिवाय कुणालाही घालायची नाही. या वयात रोज पिणारे कमी आणि शनिवारी रात्री पडेपर्यंत पिणारे अधिक, पण तो फरक ठरवणे हे आमचे काम नाही. बॉस्टनच्या बालरुग्णालयात तयार झालेली सहा प्रश्नांची एक चाचणी त्यांनी आम्हांला समजावली, जी आम्ही आमच्या बोलीत करून घेतली. प्यायलेल्या माणसाच्या गाडीवर बसलास का किंवा स्वतः पिऊन चालवलीस का. मन हलके करायला किंवा चारचौघांत मिसळता यावे म्हणून पितोस का. एकटा असताना पितोस का. पिऊन काय केले ते विसरलास का. घरचे किंवा मित्र कमी कर म्हणतात का. पिऊन कधी संकटात सापडलास का. दोन 'हो' आले तर मुलाला तज्ज्ञाकडे न्यायचे, तिथे आपले डोके चालवायचे नाही. माझ्या अनुभवात 'एकटा असताना' या प्रश्नाला मुले सर्वांत उशिरा उत्तर देतात.

नंतर त्यांनी बोलायला शिकवले, आणि ते मला रसायनशास्त्रापेक्षा अवघड गेले. मला वाटे, मुलाला यकृताचे चित्र दाखवावे, बापाचे कष्ट आठवून द्यावेत. बाईंनी सांगितले की हे सगळे तो ऐकून आलेला आहे. तुम्ही सोडण्याच्या बाजूने जितके बोलाल तितका तो पिण्याच्या बाजूने वकिली करेल, आणि आपलीच वकिली ऐकून त्याला ती पटत जाईल. विल्यम मिलर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने दारूचा प्रश्न असलेल्यांशी बोलण्याची एक वेगळी रीत १९८३ मध्ये मांडली, आणि तिचा गाभा हाच आहे की बदलाची कारणे त्या माणसाच्या तोंडून यावी लागतात. माझ्याकडे आलेल्या पहिल्या मुलाला मी विचारले होते, "एक ते दहामध्ये सांग, सोडावी असं तुला किती वाटतं?" तो म्हणाला, "तीन." एरवी मी 'तीनच?' असे म्हटले असते आणि तिथेच संपले असते. शिकवल्याप्रमाणे विचारले, "तीन का? एक का नाही?" तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "सकाळी आजी उठवायला येते तेव्हा मी तोंडावर पांघरूण ओढून घेतो, तिला वास येऊ नये म्हणून. ते मला नाही आवडत." त्याने दारू सोडली त्यामागे माझे कुठलेही वाक्य नव्हते, हेच, त्याचे स्वतःचे होते. पुढच्या सात-आठ महिन्यांत मी फक्त अधूनमधून आजीची चौकशी करत राहिलो.

असे असले तरी बोलण्याच्या रीतीहूनही मला महत्त्वाचा वाटतो तो गुरुवार. ही मुले शब्द मोडणाऱ्या माणसांच्या सवयीची असतात. बाप म्हणतो उद्यापासून लवकर येईन, सर म्हणतात नंतर भेट, मित्र म्हणतो पैसे देतो, आणि ती स्वतः म्हणतात शेवटचीच. त्या सगळ्यांत एक माणूस साडेपाच म्हणतो आणि साडेपाचला असतो, हे आधी त्यांना खोटे वाटते. पहिले दोन-तीन महिने मुलगा मुद्दाम उशिरा येतो, येतच नाही, किंवा येऊन उद्धट बोलतो. मी रागवत नाही, फोन करून जाब विचारत नाही, साडेसहापर्यंत बसतो आणि उठतो. पुढच्या गुरुवारी 'मागच्या वेळी मी होतो' एवढेच सांगतो.

आता त्या मुलाविषयी. तो माझ्याकडे आलेला दुसरा, वय सतरा, वडील नाहीत, आई शिवणकाम करणारी. चार महिने तो एकही गुरुवार न चुकवता आला. पाचव्या महिन्यात, २०१८ च्या सुरुवातीला, माझ्या मुलीचे बाळंतपण पुण्यात व्हायचे होते आणि त्यात गुंतागुंत निर्माण झाली. मी त्याला "लवकर येतो" एवढेच म्हणून गेलो आणि दहा आठवडे परतलो नाही. आमच्या चौघांपैकी कुणालाही मी त्याच्याकडे लक्ष द्यायला सांगितले नव्हते, कारण दोन आठवड्यांत येईन असे मला वाटत होते आणि मग ते राहूनच गेले. त्याचे दोनदा फोन आले. दोन्ही वेळा मी रुग्णालयात होतो. 'नंतर बोलतो' असा संदेश पाठवला आणि नंतर बोललो नाही. परत आल्यावर तीन महिने मी त्या बाकावर एकटा बसलो. त्याने बारावीची परीक्षा दिली नाही. दोन वर्षांनी तो मला मांडवीजवळ दिसला, दुचाकीला टेकून उभा, डोळे तांबारलेले, आणि अगदी अदबीने म्हणाला, "नमस्कार काका, कसे आहात?" त्याने शिवी दिली असती तर मला सोपे गेले असते. मी त्याला गुरुवारविषयी सांगितले. तो म्हणाला, "बघतो." तो आला नाही.

नंतर मी या विषयावर मिळेल ते वाचू लागलो. अमेरिकेत १९०४ पासून चालत आलेल्या बिग ब्रदर्स बिग सिस्टर्स या चळवळीचा एक मोठा अभ्यास १९९५ मध्ये प्रसिद्ध झाला. दहा ते सोळा वर्षांच्या मुलांना एक मोठा सोबती जोडून दिला तेव्हा, प्रतीक्षा यादीत राहिलेल्या मुलांच्या तुलनेत, त्यांच्यात अमली पदार्थ सुरू करण्याचे प्रमाण ४६ टक्क्यांनी आणि दारू सुरू करण्याचे प्रमाण २७ टक्क्यांनी कमी आढळले. हे आकडे नव्याने सुरुवात करण्याविषयीचे आहेत, आधीच पिणाऱ्यांविषयीचे नाहीत, हे लक्षात ठेवले पाहिजे. पण मला हादरवले ते त्याच मुलांच्या माहितीवर २००२ मध्ये ग्रॉसमन आणि ऱ्होड्स या दोघींनी केलेल्या अभ्यासाने. ज्यांचे नाते वर्षभर किंवा त्याहून अधिक टिकले त्यांना सर्वांत जास्त लाभ झाला, आणि ज्यांचे फार लवकर तुटले ती मुले काही बाबतींत सोबती नसलेल्या मुलांपेक्षाही मागे गेली. म्हणजे थोडेसे करून सोडून देणे हे काहीच न करण्यापेक्षा वाईट ठरू शकते. आधी कळले असते तर मी पुण्याला गेलो नसतो असे नाही; मुलगी माझीच होती. पण जाण्याआधी मी त्या मुलाच्या घरी जाऊन, त्याच्यासमोर दुसऱ्या माणसाला बसवून, कधी येणार, कधी फोन करणार हे सगळे सांगून गेलो असतो.

तेव्हापासून आमच्यात काही गोष्टी ठरल्या. प्रत्येक मुलाच्या ओळखीची दोन मोठी माणसे असतात. एका वेळी कुणीही दोनपेक्षा जास्त मुले घेत नाही. निदान एक वर्ष देता येणार नसेल तर सुरुवातच करत नाही, मग समोरची आई कितीही रडो. भेट नेहमी उघड्या, माणसांच्या जागी होते, आईवडिलांना वार आणि वेळ माहीत असते, पैसे दिले-घेतले जात नाहीत. मुलगा जे सांगेल ते माझ्यापाशी राहते, मात्र त्याच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल, किंवा त्याच्यावर कुणी अत्याचार करत असेल, तर ते राहणार नाही, आणि हे मी पहिल्या दिवशीच सांगतो. मुलींचे काम आमच्यातल्या एक निवृत्त शिक्षिका बघतात. मुली पीत नाहीत असा आपल्या समाजाचा गोड समज आहे. त्यांच्याकडे आलेल्या मुलींनी तर मुलांहूनही जास्त काळ लपवले होते, कारण उघड झाल्यावर त्यांच्या वाट्याला येणारी शिक्षा जास्त मोठी असते.

आईवडिलांशी मी महिन्यातून एकदा भेटतो आणि तिथे मात्र मी स्पष्ट बोलतो. कपाटात परवान्याची किंवा बिनपरवान्याची बाटली ठेवून मुलाला सोड म्हणता येत नाही. एका वडिलांनी मला विचारले, "मी शनिवारीच घेतो, तेही हिशेबात. मी का सोडावी?" मी म्हणालो, तुम्ही सोडलीत तर त्याला सोपे जाईल, एवढे एक कारण पुरेसे नसेल तर माझ्याकडे दुसरे नाही. त्यांनी सोडली. सगळे सोडत नाहीत. ज्या घरात बापच रोज पितो तिथे मुलाला वेगळा आधार लागतो. पिणे सोडू पाहणाऱ्यांचा अल्कोहोलिक्स अनॉनिमस हा परस्पर-आधाराचा गट १९३५ मध्ये सुरू झाला, पुढे पिणाऱ्यांच्या कुटुंबीयांसाठी अल-अनॉन आणि त्यांच्या किशोरवयीन मुलांसाठी अलाटीन हे गट निघाले, ते याच जाणिवेतून. बापाचे पिणे आपल्यामुळे नाही आणि ते थांबवणे आपल्या हातात नाही, हे सोळा वर्षांच्या मुलाला कुणीतरी मोठ्याने सांगावे लागते.

संध्याकाळचे काय करायचे हा प्रश्न शेवटपर्यंत राहतो. सात ते दहा या वेळेत मुलगा पूर्वी जिथे असे तिथे आता नसतो, आणि दुसरीकडे कुठे असावे हे त्याला माहीत नसते. बडोद्याला आखाड्यांची आणि व्यायामशाळांची जुनी परंपरा आहे, त्यामुळे दोघांना मी तिकडे नेले. एक रमला, कारण रात्रीची उतरलेली नसताना सकाळी सहाला मल्लखांबावर चढता येत नाही हे त्याला त्याच्या हातांनी सांगितले. दुसऱ्याला ते मुळीच आवडले नाही. तो मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात बसू लागला आणि तिथे स्थिरावला. वाईट दिवस येतात ते गणपतीत, नवरात्रीच्या गरब्यांनंतर आणि एकतीस डिसेंबरला. त्या दिवसांच्या आठवडाभर आधी आम्ही बसून तपशिलाने ठरवतो की कुणाबरोबर जायचे, किती वाजता निघायचे, आणि 'एकच घे रे' म्हणणाऱ्याला नेमके कोणते वाक्य म्हणायचे. ते वाक्य आम्ही मोठ्याने म्हणूनही बघतो.

आणि तरीही मुले घसरतात. सध्या माझ्याकडे असलेला मुलगा ऑगस्ट २०२४ च्या पुराच्या वेळी सत्तेचाळीस दिवस न पिता राहिला होता. विश्वामित्री कमाटीबागेच्या मधूनच वाहते, त्यामुळे त्या आठवड्यात गुरुवार होण्याचा प्रश्नच नव्हता. वीज नव्हती, माझा फोन बंद पडला, आणि दुसरा सोबती स्वतःच पहिल्या मजल्यावर अडकून पडला होता. मुलाच्या घरात कमरेइतके पाणी होते. पाणी ओसरल्यावर दोन दिवस गाळ उपसून झाल्यावर तो रात्री मित्रांबरोबर प्यायला. पुढच्या भेटीत तो म्हणाला, "सगळं वाया गेलं काका." मी त्याला विचारले की ते सत्तेचाळीस दिवस कुठे गेले. मग आम्ही त्या संध्याकाळचा तास न् तास आठवून काढला. भूक, राग, एकटेपणा आणि थकवा या चार गोष्टी बघायला आम्हांला शिकवले आहे, आणि त्या दिवशी चारही एकत्र आल्या होत्या; दुपारपासून तो जेवलाही नव्हता. त्यानंतर तो खिशात चणे-शेंगदाण्याची पुडी ठेवू लागला. कुणाला हा उपाय क्षुल्लक वाटेल, पण त्यानंतरचे त्याचे न पिण्याचे टप्पे लांबत गेले आहेत.

उपचारांपर्यंत पोहोचणारे फार थोडे आहेत. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी सर्वेक्षणात दहा ते सतरा वयोगटातील १.३ टक्के मुले दारू पिणारी आढळली, आणि सर्व वयांतल्या दारूवर अवलंबून असलेल्यांपैकी ३८ जणांत एकालाच काही ना काही उपचार मिळाल्याचे दिसले. म्हणून फोन करणाऱ्या प्रत्येकाला मी काही क्रमांक लिहून घ्यायला लावतो. १४४४६ हा व्यसनमुक्तीसाठीचा राष्ट्रीय क्रमांक, १४४१६ हा टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतसेवेचा, आणि मुलाच्या सुरक्षिततेचा प्रश्न असेल तर १०९८. ज्यांचे नातेवाईक पुण्यात आहेत त्यांना मुक्तांगण माहीत असते. डॉ. अनिल आणि डॉ. सुनंदा अवचट यांनी १९८६ मध्ये सुरू केलेल्या त्या केंद्राविषयी आमच्या पिढीने मराठीत इतके वाचले आहे की व्यसन हा आजार आहे, हे वाक्य निदान मराठी घरात पहिल्यांदा ऐकल्यासारखे वाटत नाही. पटणे मात्र वेगळे, आणि आपल्या घरात पटणे आणखी वेगळे.

मागच्या गुरुवारी पुराच्या वेळचा तो मुलगा वेळेच्या आधीच बाकावर येऊन बसला होता. आता तो अठरा पूर्ण आहे. त्याच्या गल्लीत पंधरा वर्षांचा एक मुलगा खेपा पोहोचवतो आणि गेल्या महिन्यापासून स्वतःही घेऊ लागला आहे, असे त्याने सांगितले. "त्याला पुढच्या वेळी इथे आणू का?" मी नाही म्हणालो, ही वेळ तुझी आहे, ती मी वाटणार नाही, त्याला त्याचा वेगळा वार लागेल. तो थोडा थांबून म्हणाला, "तुमचा मंगळवार मोकळा असतो ना?"

घरी येऊन भिंतीवरचे कॅलेंडर काढले आणि पत्नीला घेऊन बसलो. दिवाळीत पुण्याला जायचे आहे, फेब्रुवारीत माझ्या गुडघ्याची शस्त्रक्रिया आहे, बाकी वर्षभर बडोद्यातच आहोत. त्या दोन्ही वेळांसाठी दुसऱ्या सोबत्याला विचारले, त्यांनी होकार दिला. शुक्रवारी सकाळी मी त्या मुलाला फोन करून सांगितले की मंगळवारी साडेपाचला घेऊन ये, आणि पहिल्या दिवशी त्याच्या आईलाही सोबत आण.